तालीम, जातं आणि वणीची वाट

"आंगमा इतली मस्ती शे ते वावरमा चाल, कोयपं धर."

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की आजही पहाटे जाग आली की कानात वाजतं. मी तालमीत जायचो म्हणून त्यांचा राग. तसा तो राग खोटा नव्हता. दिवसभर शाळा, शाळेतून आल्यावर ढोरांचं चारापाणी, सुट्टीच्या दिवशी कपाशीत कोळपं नाहीतर निंदणी. एवढं करून पोरगा संध्याकाळी लंगोट काखेत मारून निघतो आणि तास-दीड तास घाम गाळून येतो, पुन्हा घरी आल्यावर दोन भाकरी जास्त खातो. शेतकऱ्याला हे पटायचं कसं? ते म्हणायचे, घामच काढायचा तर तो पिकाला तरी लागू दे.

त्यांना तेव्हा मी उत्तर देऊ शकलो नाही. बापाला उत्तर द्यायची पद्धतही नव्हती. पण तो प्रश्न माझ्या मागं लागला तो लागलाच. शेतातही अंगच मोडतं आणि तालमीतही अंगच मोडतं. मग एका ठिकाणी कंटाळा आणि दुसऱ्या ठिकाणी गंमत, असं का?

आमचं गाव बोरी नदीच्या काठी, अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात. तालीम म्हणजे मारुतीच्या देवळामागची पत्र्याची खोली. आत मातीचा हौद, कोपऱ्यात मुदगलांची जोडी, भिंतीला बजरंगबलीचा फोटो आणि खुंटीवर ओले लंगोट. आमच्याकडची माती काळी. वाळली की दगड, भिजली की चिखल. ती कुस्तीला चालत नाही. म्हणून बोरीकाठचा मऊ पोयटा बैलगाडीनं आणायचा, चाळायचा, त्यात तेल, ताक, हळद आणि कडुनिंबाचा पाला घालायचा. त्या मातीचा वास अजून कुठं भेटला नाही.

मी सहावीत असताना पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. वस्तादांनी पहिले आठ दिवस मला कुस्ती शिकवलीच नाही. हातात फावडं दिलं आणि हौद उकरायला लावला. रोज पूर्ण हौद उकरायचा, ढेकळं फोडायची, माती खालीवर करायची. एकदा आबा देवळात आले होते, त्यांनी दारातून हे पाहिलं. घरी येऊन मायला म्हणाले, "वावरमा फावडं धराले यानं हात दुखतंस, आनि तठे फुकट खंदी ऱ्हायना." माय हसली. मी खाली मान घालून भाकर खाल्ली. पण खरं सांगतो, तालमीत फावडं मारताना हात दुखत नव्हते असं नाही, दुखतच होते. त्या दुखण्याकडे लक्षच जात नव्हतं. शेजारी दुसरा पोरगा उकरत असायचा, त्याच्या फावड्याला माझं फावडं जोड धरायचं, आणि खप-खप असा एक ठेका लागायचा.

आता शाळेतली गोष्ट सांगतो. सातवीत एकदा गणित चुकलं म्हणून मला शंभर उठाबशा काढायला लावल्या. वर्गापुढं, कान धरून. मास्तर छडी हातात घेऊन मोजत होते आणि मधेच एखादा आकडा विसरल्यासारखं करून पुन्हा मागून धरत होते. सत्तरच्या पुढं मांड्या थरथरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी ओट्याची पायरी चढता येईना. त्याच महिन्यात मी तालमीत रोज दीडशे बैठका मारत होतो! गुडघा तोच, मांडी तीच, खाली बसणं आणि वर उठणंही तेच. एकीला उठाबशी म्हणायचं, दुसरीला बैठक. मी वस्तादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ते त्यांनी मोजल्या ना. आपल्या आपण मोजतो."

वस्ताद चौथी शिकलेले. पण त्यांचा एक नियम होता, तो मला पुढं कुठल्या पुस्तकात वाचायला मिळाला नाही. जोर असो की बैठका, अजून दहा माराव्याशा वाटतात तिथं थांबायचं. पार थकून, तोंडाला फेस येईपर्यंत मारायच्या नाहीत. एखादा नवा पोरगा ईर्ष्येला पडून मारतच राहिला तर ते त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "उद्याच्या उद्यासाठी ठेव." त्यामुळं काय व्हायचं, घरी जातानाच उद्या कधी येईल असं वाटायचं. भुकेलं ठेवायचे आम्हाला. आणि जोर मारताना तोंड वाकडं केलेलं त्यांना चालत नसे. तोंड वाकडं झालं म्हणजे श्वास चुकला, असं त्यांचं म्हणणं. खाली जाताना श्वास कुठं, वर येताना कुठं, हे एकदा जमलं की जोर आपोआप निघतात. आकडा मागं पडतो. मग फक्त नाकातला वारा आणि मातीचा वास राहतो. ती गंमत ज्यानं अनुभवली त्याला सांगायला नको आणि ज्यानं नाही अनुभवली त्याला सांगून कळत नाही.

१९७२ ला दुष्काळ पडला. मी तेव्हा तेरा वर्षांचा. विहिरी आटल्या, कडबा संपला, आमची एक बैलजोडी मिळेल त्या भावात गेली. आबा आणि माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो. रस्त्याच्या कडेला ओळीनं माणसं बसलेली, हातात हातोडा, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. संध्याकाळी मुकादम येऊन ढिगाचं माप घ्यायचा. माप भरलं नाही की मजुरी कमी. तिथंही शंभर हातोडे एका वेळी पडत होते, ठेका म्हणाल तर होता. पण त्या ठेक्यात कुणी डोलल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांचं लक्ष मापाच्या पेटीकडं. लहान मुलांना सुकडी मिळायची, ती मी निम्मी धाकट्या बहिणीसाठी कागदात बांधून आणायचो.

त्या वर्षी वस्तादांनी तालमीला कुलूप लावलं. आम्ही पोरं विचारायला गेलो तर म्हणाले, "पोटात नसताना घाम काढणं हे पाप आहे." हे मला महत्त्वाचं वाटतं. व्यायामाचा आनंद म्हणून आपण जे म्हणतो त्याच्याखाली आधी दोन भाकरी लागतात. भरल्या पोटानं उपाश्याला कसरतीचं महत्त्व सांगणारे लोक मी पुढं फार पाहिले.

आमच्या खानदेशात अंगमेहनतीचा इतिहास तसा जुना आहे. अमळनेरहून जवळच धरणगाव. तिथं इंग्रजांनी १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली, खानदेश भिल्ल कोअर. तिचा प्रमुख जेम्स औट्रम नावाचा तरुण लेफ्टनंट. सातपुड्यातले भिल्ल सरकारला जुमानत नव्हते. औट्रमनं काय केलं, तर आधी त्यांच्याबरोबर रानात वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्यात उठला-बसला, आणि मग त्यांना कवायतीला उभं केलं. यात त्याचा हेतू राज्य बसवण्याचा होता, त्याची आरती करायचं कारण नाही. पण माणूस हुशार होता. डोंगर चढायला-उतरायला, मैल मैल धावायला भिल्लाला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते त्याच्या जगण्यातच होतं, शिकारीत होतं, होळीच्या नाचात होतं. सातपुड्यातली होळी ज्यानं पाहिली त्याला हे माहीत आहे. रात्रभर ढोलावर नाचणारी माणसं सकाळी पुन्हा डोंगर चढून पाड्यावर जातात. त्यांना सरळ कवायत करा म्हटलं असतं तर एकही आला नसता. आमच्या शाळेतल्या कवायतीला आम्ही तरी कुठं मनानं जात होतो!

पण हे सगळं गडीमाणसांचं झालं. बाईच्या मेहनतीला कुणी तालीम बांधली नाही.

माझी माय पहाटे चारला जात्यावर बसायची. गावात पिठाची गिरणी मी लहान असताना आली, तरी डाळ, भरड, सणावाराचं दळण बरेच दिवस घरीच होतं. अंधारात जात्याची घरघर आणि तिच्यावर मायचा आवाज. एकटी असली तर हळू, शेजारची काकू समोर बसली तर दोघींचा मोठा. खुंट्याला दोघींचे हात, एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं. दळण जड, म्हणजे ज्वारीपेक्षा हरभरा जड, तर गाणंही बदलायचं. गाण्याची चाल जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते, हे मला तेव्हा झोपेतच कळलं होतं.

जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच पठडीतल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, चुलीपुढं, शेतात काम करता करता त्या गाणी रचत गेल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या. मुलगा सोपानदेवांनी लिहून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. लोक त्यातलं तत्त्वज्ञान सांगतात. मी शेतकरी माणूस, मला त्यात आधी हाताची हालचाल ऐकू येते. हात चालत नसता तर ते गाणं तसं झालंच नसतं. अमळनेरला प्रताप हायस्कुलात सहा वर्षं शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीही बायकांच्या ओव्या गोळा केल्या, 'स्त्री जीवन' नावानं त्या छापल्या आहेत. आमच्या गावच्या वाचनालयातली त्याची प्रत मी दोनदा आणून वाचली.

पण म्हणून जात्याचे गोडवे गायला मी तयार नाही. शहरातले काही लोक म्हणतात, पूर्वीच्या बायका दळायच्या म्हणून निरोगी होत्या. त्यांनी माझ्या मायचे खांदे पाहायला हवे होते. ती ऐंशीच्या पुढं गेल्यावर मी एकदा विचारलं, माय, तुला जातं आठवतं का? ती म्हणाली, "जातं गयं ते बरं झायं. पन त्यानासंगे गाना बी गयात." थोड्या वेळानं म्हणाली, गाणं नसतं तर ते दळण झालंच नसतं. म्हणजे तिला मेहनतीतून सुटका नव्हती, तेव्हा तिनं त्या मेहनतीत आपलं काहीतरी घालून घेतलं. आम्ही पोरं तालमीत मजा शोधायला गेलो, तिनं ती जागेवर बसून काढली.

वर्षातून एकदा मात्र खानदेशातल्या बाईला खेळायची मोकळीक होती. आखाजी, म्हणजे अक्षयतृतीया. लेकीबाळी माहेरी येणार, निंबाच्या फांदीला झोके बांधणार. झोका बसून नाही, उभ्यानं घ्यायचा. दोघी समोरासमोर उभ्या राहून गुडघ्यात वाकून असा झोका चढवायच्या की निंबाचा शेंडा हलायचा. गाणी, फुगड्या, गौराई. मी पुढं मुदगल फिरवू लागलो तेव्हा ध्यानात आलं की झोका चढवायला मांड्यांना आणि कमरेला किती जोर लागतो. पण तिला कुणी व्यायाम म्हटलं नाही. आणि त्या दिवशी गडीमाणसं काय करत होती? पारावर पत्ते कुटत होती. सालदाराचं साल त्या दिवशी संपायचं आणि नवं धरायचं, त्यामुळं त्यालाही तेवढीच एक सुट्टी.

आता आबांकडं येतो.

दहावीची नवी पद्धत १९७५ ला सुरू झाली, आमची दुसरी तुकडी. १९७६ च्या मार्चमध्ये परीक्षा दिली आणि चैत्रात आबा म्हणाले, वणीला चल. खानदेशातून चैत्र पौर्णिमेला सप्तशृंगीच्या गडावर पायी जायची रीत आहे. धुळे, जळगावकडून हजारो माणसं निघतात. वर चैत्राचं ऊन, खाली तापलेला रस्ता, बहुतेकांचे पाय उघडे. आबा दरवर्षी जायचे हे मला माहीत होतं, पण ती आमच्या लेखी देवाची गोष्ट, तिच्याबद्दल कुणी विचार करत नव्हतं.

पहाटे निघालो. धुळ्यापर्यंत मी पुढं पुढं चालत होतो. तालमीतलं पोरगं, मस्ती होती. मालेगाव येईतो पायाला फोड आले आणि आबा पुढं गेले. पन्नाशीचा माणूस, वर्षभर औताच्या मागं चालून चालून पिंढऱ्या दोरीसारख्या झालेल्या. शेतात ते कधी मोठ्यानं बोलत नसत. औतामागं चालताना त्यांचा चेहरा मी पाहिलेला, बंद दारासारखा. आणि इथं सौंदाण्याच्या पुढं तो माणूस गात होता! गळा चांगला नव्हता. शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्याबरोबर पैज लावून पुढच्या झाडापर्यंत झपझप चालत होता आणि हरल्यावर हसत होता. मी माझ्या बापाला तसं हसताना सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

देवळ्याच्या अलीकडं एका आंब्याखाली आम्ही पाय सोडून बसलो. मी धीर करून विचारलं, आबा, रोज वावरात एवढं चालता, मग इथं अजून पाच दिवस चालून काय मिळतं? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तळपायातला काटा सुईनं काढत होते. मग म्हणाले, "आठे कोनी मापाले येत नही."

एवढंच. मला एकदम खडीचा ढीग आठवला. त्यांनाही तोच आठवला असेल की सावकाराची वही, ते मी विचारलं नाही. कळवण, नांदुरी करत गड गाठला, पाचशेवर पायऱ्या चढलो. उतरताना एका माणसानं सांगितलं, की दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांच्याशी लढायला कुणी पुढं होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर याच गडावर येऊन बसले, आणि मारुतीनं वानराच्या रूपात त्यांना लाकडावरच्या उड्या दाखवल्या, त्यातून मल्लखांब निघाला. खरं किती, कथा किती, ते देवीलाच माहीत. पण माकडाकडं पाहून व्यायाम सुचला ही गोष्ट मला तेव्हाही आवडली आणि आजही आवडते. माकड खेळतं. मोजत नाही.

घरी आल्यावर आबांनी तालमीबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. उलट महिनाभरानं माझ्या ताटात तुपाची धार वाढली.

पुढं माझी कुस्ती फार चालली नाही. सखाराम महाराजांच्या यात्रेत एक-दोन बऱ्या कुस्त्या झाल्या, नारळ आणि थोडे पैसे. मग लग्न, वाटणी, विहिरीचं कर्ज. तालीम वस्तादांबरोबर संपली. त्या खोलीत आता खताच्या गोण्या असतात. कुस्ती मात्र खानदेशातून गेली नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हा आमच्या गावात मी एकट्यानं पेढे वाटले. पोरं विचारत होती, आजोबा, तुमचा नातेवाईक का?

चार वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टर तरुण, स्वभावानं चांगले. म्हणाले, "काका, व्यायाम करत जा." मला राग आला. पन्नास वर्षं मातीत राबलेल्या माणसाला व्यायाम सांगतो! पण नंतर विचार केला. आता ट्रॅक्टर आहे, फवारणीला माणूस आहे, पाणी मोटारीचं बटण दाबलं की सुरू. मी बांधावर मोटारसायकलीनं जातो. राबलो ते खरं, पण आता राबत नाही हेही खरं.

मुलानं मनगटाला घड्याळ बांधून दिलं, पावलं मोजणारं. रोज १०,००० पावलं म्हणे. ही दहा हजारांची गोष्ट कुठून आली ते मी वाचलं. टोकियोचं ऑलिंपिक झालं १९६४ ला, त्यानंतर वर्षभरात जपानमध्ये एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच दहा हजार पावलांचं माप अशा अर्थाचं ठेवलं. तिथून तो आकडा जगभर गेला. मी महिनाभर इमानानं चाललो. सहा हजार झाले, सात हजार झाले, आता तीन राहिले, आता दोन. डांबरी सडकेवर एकटाच, मान खाली, नजर मनगटावर. एके दिवशी हसू फुटलं. मुकादम मनगटावर बसला होता!

घड्याळ नातीला देऊन टाकलं. आता सकाळी आम्ही तिघं म्हातारे नदीकडं जातो. त्यातला एक माझा तालमीतला जोडीदार, त्याचा एक गुडघा गेलेला. बोरीला पाणी असलं तर काठानं, नसलं तर पात्रातून. वाळूत चालायला जोर लागतो. बोलतो, भांडतो, एखाद्याची पिकं पाहायला आडरस्त्यानं घुसतो. किती चाललो ते कुणाला माहीत नसतं. परत आल्यावर मी ओट्यावर थोड्या बैठका मारतो, पूर्ण खाली जात नाही, भिंतीला हात लावून. नात शेजारी उभी राहून मोजते. ती पाचवीत आहे, तिला कुस्ती शिकायची आहे. सूनबाई अजून हो म्हणत नाही. मी बोलून पाहतोय. पोरगी मोजताना मुद्दाम आकडे खाते, अकरानंतर एकदम पंधरा म्हणते, म्हणजे मी लवकर थांबावं आणि तिला गोष्ट सांगावी.

यंदा चैत्रात वणीला जायचं ठरलंय. सगळी वाट नाही, निदान कळवणपासून तरी. डॉक्टरांनी परवानगी दिली, एका अटीवर. साखर असलेल्यानं अनवाणी चालायचं नाही. सूनबाईनं पिशवीत जाड तळव्याचे बूट आणि दोन जोड मोजे आताच घालून ठेवलेत. नात म्हणते मीही येणार. मी तिला म्हटलं, चल, पण ते घड्याळ घरी ठेव.